खालच्या मजल्यावरून आवाजाच्या तक्रारी : समितीच्या पत्राला काय उत्तर द्यावे?

चौथा मजला, कोथरूड

नमस्कार. पुण्यात कोथरूड भागातील एका सहा मजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर, आम्ही गेली अकरा वर्षे राहत आहोत. आमच्या बरोबर खालच्या सदनिकेत दोन वर्षांपूर्वी एक ज्येष्ठ दांपत्य राहायला आले. सुरुवातीचे वर्ष अतिशय सलोख्याचे गेले. संक्रांतीचा तिळगूळ, चैत्रातली कैरीची डाळ, गावाला जाताना किल्ली ठेवणे, सगळे काही व्यवस्थित होते. गेल्या दिवाळीनंतर मात्र त्यांच्याकडून आवाजाबद्दल तक्रारी येऊ लागल्या आणि आता प्रकरण समितीच्या पत्रापर्यंत येऊन पोहोचले आहे.

तक्रारी तीन आहेत. माझी तेरा वर्षांची मुलगी कथक शिकते आणि या वर्षी तिला प्रवेशिका पूर्णच्या परीक्षेला बसायचे असल्यामुळे रोज संध्याकाळी सात ते आठ या वेळात ती हॉलमध्ये रियाज करते; ही पहिली. यजमानांची चाकणला पहिली पाळी असते, कंपनीची बस सहाच्या आत नाक्यावर येते, म्हणून सव्वापाचला आमच्याकडे मिक्सर फिरतो, ही दुसरी. तिसरी तक्रार मला आजतागायत उमगलेली नाही. रात्री अकरानंतर आम्ही फर्निचर ओढतो आणि जमिनीवर गोट्या टाकतो, असे काकांचे म्हणणे आहे. आम्ही साडेदहाला झोपतो आणि आमच्या घरात गोट्या नाहीत.

पहिल्यांदा काका स्वतः वर आले, नंतर फोन येऊ लागले, त्यानंतर त्यांनी ध्वनिमुद्रणे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायला सुरुवात केली. आठवड्यापूर्वी समितीचे पत्र आले की, ‘आपल्या सदनिकेतून होणारा उपद्रव आठ दिवसांत बंद न झाल्यास ५,००० रुपये दंड आकारण्यात येईल.’ समितीला असा दंड करता येतो का? मी मोबाइलवरील अ‍ॅपने रियाजाच्या वेळी घराबाहेरच्या जिन्यात आवाज मोजला, तो ५२ डेसिबल भरला. मर्यादा ५५ची आहे असे वाचले, तर एवढा पुरावा पुरेसा होईल का? ज्या सोसायटीच्या वाहनतळात गणेशोत्सवातले दहा दिवस स्पीकर लागतो, तिने एका मुलीच्या पायांच्या आवाजावर पत्र काढावे याचा मला राग आलेला आहे, हेही प्रांजळपणे सांगते. पण पत्राचे उत्तर रागात लिहू नये एवढे कळते, म्हणून येथे विचारत आहे.

माजी सचिव

मी एका साठ सदनिकांच्या संस्थेचा सहा वर्षे सचिव होतो, त्यामुळे अशी पत्रे लिहिण्याच्या बाजूचा मला अनुभव आहे. सर्वप्रथम आपली इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट, हे पाहावे. पुण्यात १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील इमारती पुष्कळ आहेत, रहिवासी मात्र दोन्हींना ‘सोसायटी’च म्हणतात. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र आणि त्याला जोडलेले उपविधी लागू होतात, आणि पुढे मी जे लिहीत आहे ते जसेच्या तसे लागू होणार नाही.

सहकारी संस्था आहे असे धरून चालतो. आदर्श उपविधींत असे स्पष्ट कलम आहे की, सभासदाने आपल्या सदनिकेत इतर सभासदांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असे काही करू नये आणि दुसऱ्यालाही करू देऊ नये. म्हणजे आपल्याला पत्र पाठवून विचारणा करण्याचा अधिकार समितीला निश्चित आहे. तो नाकारण्याच्या फंदात पडू नये. दंडाची गोष्ट मात्र वेगळी आहे. उपविधींच्या भंगासाठी किती दंड असावा हे सर्वसाधारण सभेने ठरवायचे असते, एका आर्थिक वर्षात तो ५,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही, आणि त्याआधी सभासदाला कारणे दाखवा नोटीस देऊन बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. आपल्याला आलेल्या पत्रात विचारणा नाहीच, थेट निष्कर्ष आहे, आणि रक्कमही कमाल मर्यादेइतकी लिहून टाकलेली आहे. यावरून पत्र कोणाच्या तरी आग्रहाखातर घाईने काढले असावे, असा माझा तर्क आहे. आपल्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत मागून घ्या आणि त्यातील शब्द पाहा, कारण आदर्श उपविधी छापील असले तरी प्रत्येक संस्थेने तेच स्वीकारलेले असतात असे नाही.

उत्तर एका पानाचे असावे आणि त्याची पोच घ्यावी. त्यात रियाजाची वेळ, मिक्सरची वेळ, रात्रीच्या आवाजाशी आपला संबंध नसल्याचे कथन, आवाज कमी करण्यासाठी आपण काय करणार आहात, आणि समितीच्या एका सदस्याच्या उपस्थितीत दोन्ही घरांत संयुक्त पाहणी व्हावी ही विनंती, एवढेच लिहावे. काकांचा स्वभाव, व्हॉट्सअ‍ॅपवरील ध्वनिमुद्रणे आणि गणेशोत्सव हे तीन विषय टाळावेत. तीन पानी उत्तर कोणी पूर्ण वाचत नाही, पण त्यातील नेमके एक तिखट वाक्य पुढच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवले जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

डेसिबलचे म्हणाल तर ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात सकाळी सहा ते रात्री दहा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपली संध्याकाळची वेळ दिवसात मोडते, पण सव्वापाचचा मिक्सर मात्र रात्रीच्या वेळेत येतो, हे उत्तर लिहिण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. हे नियम मुख्यतः ध्वनिक्षेपक, वाद्ये, फटाके, यंत्रे यांसाठी वापरले जातात. वरच्या मजल्यावरील पावलांसाठी ते वापरल्याचे माझ्या पाहण्यात नाही. काकांनी ११२ क्रमांकावर फोन केला तर बीट मार्शल येतील, दोन्ही घरांना समज देतील आणि जातील. त्यानंतर काकांची दारे बंद होतात असे नाही. सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आणि त्याशिवाय दिवाणी न्यायालय आहेच. परंतु मिक्सरसाठी तारखा घ्याव्यात अशी इच्छा दोन्ही घरांपैकी कोणाची असेल असे मला वाटत नाही.

स्पष्टवक्ता

एवढे नमते घेण्याचे कारण समजले नाही. संध्याकाळी सात वाजता स्वतःच्या घरात मुलीने नृत्याचा सराव करणे हा गुन्हा आहे का? शांतता हवी असणाऱ्याने सर्वांत वरच्या मजल्यावर घर घ्यावे. आज रियाज बंद केलात तर उद्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जातील. समितीला एका ओळीचे उत्तर पाठवा की कायद्याने ठरवलेली मर्यादा आम्ही ओलांडलेली नाही.

सळई आणि सिमेंट

मी स्थापत्य अभियंता आहे आणि वरील एका ओळीच्या उत्तराशी असहमत आहे, कारण ती ओळ तांत्रिकदृष्ट्या टिकणारी नाही.

भिंतीतून आणि स्लॅबमधून येणारा आवाज दोन प्रकारचा असतो. बोलणे, दूरदर्शन, तबला यांचा आवाज आधी हवेत निर्माण होतो आणि मग काँक्रीटवर आदळतो. पाच इंची स्लॅब तो बऱ्यापैकी अडवते. पाऊल, खुर्ची, खलबत्ता यांचा ठोका मात्र थेट स्लॅबलाच बसतो, स्लॅब स्वतः कंप पावते आणि खालच्या खोलीचे छत एखाद्या मोठ्या पडद्याप्रमाणे तो आवाज खाली सोडते. स्लॅबवर सिमेंटचा थर आणि त्यावर घट्ट चिकटवलेल्या व्हिट्रिफाइड टाइल, अशी आपल्याकडची पद्धत असल्यामुळे मध्ये मऊ असे काहीच राहत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ध्वनिरोधनाच्या शिफारशी आहेत, पण सदनिका विकताना त्यांची चौकशी ग्राहक करत नाही आणि म्हणून विकासकही करत नाही. कथकाचा तत्कार म्हणजे पूर्ण तळपायाने दिलेला ठोका. आपल्या घरात आपल्याला घुंगरू प्रामुख्याने ऐकू येतात. खाली घुंगरू बहुधा पोहोचतच नसतील, केवळ धप धप पोहोचत असेल. एकाच रियाजाचे हे दोन निरनिराळे आवाज आहेत, आणि आपण दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहोत असा दोघांचाही समज आहे.

यामुळेच आपल्या ५२ डेसिबलला फारसा अर्थ नाही. एक म्हणजे मोजणी जिन्यात झाली, तक्रार खालच्या हॉलमधली आहे. दुसरे, नियमांतील ५५ हा आकडा ठरावीक कालावधीची सरासरी आहे. क्षणभराचा ठोका सरासरीत बुडून जातो, कानात मात्र बुडत नाही. तिसरे, या मोजणीत मानवी कानाच्या संवेदनक्षमतेनुसार खर्जातल्या आवाजांना कमी वजन दिलेले असते आणि पावलांचा आवाज नेमका खर्जातला असतो. मोबाइलचे अ‍ॅप प्रमाणित केलेले नसते, हे निराळेच. त्याचा उपयोग उपाय करण्यापूर्वी आणि केल्यानंतर, एकाच फोनने, एकाच जागी तुलना करण्यापुरता करावा. दहा डेसिबलची घट दिसली तर ऐकणाऱ्याला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो.

उपायांविषयी. योगासनांची पातळ चटई येथे निरुपयोगी आहे. व्यायामशाळेत वापरतात तसली जाड रबरी चटई जमिनीवर आणि तिच्यावर १८ मिलिमीटरचा प्लायवूड, असा सुमारे चार फूट बाय सहा फुटांचा सुटा पाट करून घ्यावा. त्याची कोणतीही कड भिंतीला टेकू देऊ नये, नाहीतर ठोका भिंतीतून खाली जातो आणि खर्च वाया जातो. मुलीच्या गुडघ्यांनाही टाइलपेक्षा असा पाट चांगला. पाट हॉलच्या मधोमध न ठेवता खांबाजवळ किंवा तुळईवर ठेवावा, कारण स्लॅबचा मध्य सर्वांत जास्त हलतो. मिक्सरच्या खाली जाड रबराचा तुकडा घालावा आणि ओटा ज्या भिंतीत रोवला आहे त्या भिंतीला मिक्सर चिकटवून ठेवू नये.

रात्रीच्या गोट्यांबद्दल आपण खरे बोलत आहात आणि काकाही खरे बोलत असतील. काँक्रीटच्या सांगाड्यातून आवाज लांबवर जातो आणि ऐकणाऱ्याला तो हमखास डोक्यावरूनच आल्यासारखा वाटतो. पाण्याचा नळ किंवा झडप अचानक बंद झाल्यावर नळातल्या पाण्याचा धक्का बसतो, तोही टकटक किंवा गोट्या गडगडल्यासारखा ऐकू येऊ शकतो. खुर्ची आपल्या शेजारच्या किंवा पाचव्या मजल्यावरच्या घरातलीही असेल. एक साधी परीक्षा करावी. आपल्यापैकी एकाने खाली काकांजवळ बसावे, दुसऱ्याने वर क्रम न सांगता दहा गोष्टी कराव्यात, खुर्ची ओढणे, नळ सोडून झटक्यात बंद करणे, तत्कार, मिक्सर, कपाटाचे दार, आणि खाली बसलेल्यांनी काय ऐकू आले ते वेळेसह लिहून काढावे. नंतर दोन्ही याद्या जुळवून पाहाव्यात.

खालून लिहिणारी

मी ठाण्यात नऊ वर्षे अशाच एका घराच्या खाली राहिले आहे, त्यामुळे काकांची बाजू कोणी तरी मांडावी म्हणून लिहिते. आपण लिहिता की रियाज एक तास असतो. खालच्या माणसासाठी तो एक तास नसतो. सव्वासहा वाजले की माझे लक्ष घड्याळाकडे जाऊ लागे, आणि एखाद्या दिवशी वर कोणी नसले तरी मी सात वाजेपर्यंत काहीही वाचू शकत नसे. आवाज थांबल्यावरही तो पुन्हा सुरू होईल या अपेक्षेने कान वरच लागलेले असत. मी वर गेले की ते लोक अत्यंत सौजन्याने म्हणत, ‘अहो, एवढासाच तर आवाज आहे.’ त्या ‘एवढासाच’ या शब्दाने मला जितका त्रास दिला तितका आवाजानेही दिला नसेल. मीसुद्धा ध्वनिमुद्रणे केली होती. ती कोणाला बदनाम करण्यासाठी नव्हती. आपल्याला भास होत नाहीत ना, याची खात्री करून घ्यायची होती. गटावर मी ती टाकली नाहीत, पण टाकण्याचा मोह झाला होता.

आपण या आवाजाच्या खाली कधी बसला आहात का? आणि दुसरे, पहिले वर्ष सलोख्याचे होते असे आपण म्हणता, तेव्हाही मुलगी नाचत होती आणि मिक्सर फिरत होता. मग दिवाळीनंतर त्यांच्या घरात काय बदलले, हे कोणी विचारले का? पत्राचे उत्तर पाठवण्याआधी खाली जावे, असे मला वाटते. उत्तराची पोच सोमवारी घेतली तरी चालेल.

चौथा मजला, कोथरूड

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांचे आभार. शेवटच्या प्रतिसादाने मी दोन दिवस अस्वस्थ होते, मग खाली गेले.

काकूंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुमारास झाली होती. झाल्याचे मला ठाऊक होते, मी भेटूनही आले होते. पण त्यानंतर त्यांचा पलंग शयनगृहातून हॉलमध्ये हलवला आहे आणि त्या तिथेच झोपतात, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी गेले होते तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या. म्हणजे आमच्या हॉलच्या खाली दिवाळीपर्यंत रिकामा सोफा होता आणि दिवाळीनंतर एक आजारी माणूस. काकांनी हे कधी सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. सात ते आठ ही वेळ त्यांच्या व्यायामानंतर डोळा लागण्याची असते.

परीक्षा आम्ही रविवारी केली. यजमान आणि मुलगी वर, मी आणि काका खाली, समितीचे एक सदस्य चहा घेत साक्षीला. तत्कार सुरू झाला तेव्हा मला धक्काच बसला. घुंगरू खरोखर ऐकू आले नाहीत. छतावर कोणीतरी मुसळ आपटत असावे असा आवाज होता, आणि चक्कर घेऊन मुलगी समेवर आली की काकूंच्या औषधांच्या ट्रेवरचा पेला किंचित किणकिणत होता. मुलगी नाचताना मी नेहमी समोर बसून पाहते, त्यामुळे असे काही असेल हे माझ्या मनातही आले नसते. मिक्सर मात्र अगदी पुसट ऐकू आला. पण पहाटे तो वेगळा वाटतो, असे काका म्हणाले, आणि त्यावर मी वाद घातला नाही. नळ आणि खुर्ची या दोन्हींची नोंद काकांनी ‘गोट्या नव्हे’ अशी केली.

रियाज आता आतल्या छोट्या खोलीत होतो, खांबालगत, आणि वेळ साडेपाच ते साडेसहा केली आहे. चटणी रात्री नऊलाच वाटून ठेवते. ताज्या चटणीचा हट्ट यजमानांनी कुरकुरत का होईना सोडला. रात्रीचा आवाज अजून सापडलेला नाही. गेल्या गुरुवारी काकांनी अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन करून मला खाली बोलावले आणि मी स्वतः तो ऐकला, तेव्हा आमच्या घरात सगळे झोपलेले होते. गच्चीवरच्या टाकीच्या झडपा तपासायला प्लंबरला सांगितले आहे. काकांनी गटावरील ध्वनिमुद्रणे काढली नाहीत, पण त्यांच्याखाली ‘चौथ्या मजल्याचा संबंध नाही’ असे एका ओळीत लिहिले. समितीचे सचिव म्हणाले की विषय मिटला, आता उत्तराची गरज नाही. प्लायवूडचा पाट अजून करायचा आहे. आतली खोली लहान असल्याने चार बाय सहा मावत नाही. चार बाय चारचा चालेल का?

माजी सचिव

उत्तराची गरज आहे. दंडाचे पत्र आपल्या नावाच्या फाइलमध्ये लागलेले आहे, ‘विषय मिटला’ हे वाक्य कोठेही लागलेले नाही, आणि पुढच्या निवडणुकीनंतर सचिव बदलतील. संयुक्त पाहणीची तारीख, साक्षीदार सदस्याचे नाव आणि निष्कर्ष लिहून पत्र द्या, त्यावर काकांचीही सही मिळाली तर फारच उत्तम.

सळई आणि सिमेंट

चार बाय चार तत्काराला पुरेल, चक्करांना कमी पडेल. चकरा शक्यतो वर्गातच घ्याव्यात. पाट आतल्या खोलीत ठेवण्यापूर्वी एकदा काकांना विचारा की त्या खोलीच्या खाली सध्या कोण झोपते.